ग्रीकांचा पांढरा

कोल्हापुरात ‘सूप’ म्हटलं की समोरचा माणूस आधी तुमच्या पायाकडे बघतो. प्लास्टर दिसलं नाही तर आवाज खाली आणून विचारतो, “घरात कोण आजारी हाय?” पाया सूप हाड मोडल्यावर, अळणी पाणी बाळंतिणीला आणि दात न आलेल्या नातवंडाला, आणि मंचाव हॉटेलात, थाळी येईस्तोवर हाताला काम म्हणून. धडधाकट माणसानं भर दुपारी, राजीखुशीनं, लिंबू पिळलेलं कोंबडीचं सूप प्यावं, ही कल्पना शिवाजी पेठेत मांडायला जिगर लागते. ती भाच्याकडे होती, कारण तो शिवाजी पेठेपासून हजारो किलोमीटर लांब होता.

भाचा बोटीवर असतो. मालक ग्रीक, कॅप्टन ग्रीक, बाकी मंडळी आपली आणि फिलिपिन्सची. पिरेयस बंदरात बोट लागली की तो किनाऱ्यावरच्या एका खानावळीत जाऊन बसतो आणि पुढ्यातलं दाखवायला आम्हाला व्हिडिओ कॉल करतो. या खेपेला त्याच्यासमोर फिक्या पिवळ्या रंगाचं काहीतरी वाफाळत होतं.

“मावशी, आवगोलेमोनो! तू एकदा घरी करच.”

“कसला गोलमाल?” आत्यांनी आतून विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. एरवी त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, पण कुणी कुठं काय शिजवतंय हे तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं.

भाच्यानं कृती तिथल्या तिथं सांगितली. कोंबडी कांदा, गाजर, तमालपत्र घालून उकडायची, पाणी गाळून घ्यायचं, त्यात मूठभर तांदूळ शिजवायचा. अंडी फेटायची, त्यांत लिंबाचा रस घालायचा आणि ते त्या पाण्यात मिसळायचं. वर मिरपूड. संपलं.

“मसाला?”

“नाही.”

“लसूण?”

“नाही.”

“चटणी तरी?”

“मावशी, ग्रीस आहे हे.”

“म्हंजे निम्म्यातच गॅस बंद करत्यात,” आत्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला निघून गेल्या.

यापेक्षा नेमकं वर्णन मला पुढे कुठंही वाचायला मिळालं नाही. कोल्हापुरी मटणाचा प्रवास अळणीपासूनच सुरू होतो. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण भरपूर पाण्यात शिजवतात, ते पाणी म्हणजे अळणी. इथून रस्ता फुटतो. काही पाणी कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाकडे वळतं, त्याचा तांबडा होतो. काही नारळाच्या दुधाकडे आणि काजू-खसखस-तिळाच्या वाटणाकडे वळतं, त्याचा पांढरा होतो. ग्रीक माणूस या फाट्यापर्यंत येतो, तिथंच अंडं फोडतो, लिंबू पिळतो आणि घरी जातो.

पहिली अडचण कोंबडीची. कोंबडी मांसाहारात धरावी की नाही, याबद्दल आमच्या गावात अजून एकमत नाही. २०१९च्या अखेरीला मटण महागलं म्हणून ज्या शहरात कृती समिती स्थापन झाली आणि आंदोलन पेटलं, त्या शहरात रविवारी सकाळी दिराला ‘येताना कोंबडी आणा’ म्हणून सांगणं म्हणजे त्याची पेठेत शोभा करणं. भावजींनी पिशवी हातात घेतली, दारापर्यंत गेले आणि परत आले.

“पावणं हलकं हायत काय, वहिनी?”

पाहुणे नाहीतच म्हटल्यावर ते आणखी खचले. त्यातून मी गावठीच हवी म्हणून अडून बसले. ब्रॉयलर पाण्यात घातली तर पाणी गरम होतं, एवढंच. गावठी कोंबडी दोन-दोन तास चिवटपणे बसून राहते, पण शेवटी पाण्याला जे देते ते पाणी थंड झाल्यावर थरथरायला लागतं. ग्रीक आज्जीलाही अशीच जून कोंबडी लागते म्हणे.

तांदूळ आखूड दाण्याचा हवा. लांब, सुटसुटीत बासमतीचा इथं उपयोग नाही, कारण या तांदळाचं खरं काम पोट भरणं नसून पाण्यात पिठूळपणा सोडणं हे आहे. मानांकन मिळालेला आजरा घनसाळ घरात होता. आत्यांनी तो पाहुण्यांसाठी म्हणून स्टीलच्या डब्यात, त्या डब्याला पिशवीत आणि पिशवीला वरच्या फळीवर ठेवला होता. तो मी काढताना त्यांनी नुसतं बघितलं. त्या बघण्याचं मानांकन अजून कुणी मागितलेलं नाही.

लिंबांचं मात्र सांभाळून. ग्रीकांचं लिंबू मोठं, जाड सालीचं, स्वभावानं जरा सौम्य. आपलं कागदी लिंबू वेगळ्याच जातीचं, अंगानं लहान पण बोलायला लागलं की समोरच्याला गप्प करणारं, म्हणजे थोडक्यात आमच्याच गावचं. तेव्हा लिंबं मोजू नयेत, रस मोजावा. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७०पासून मराठी घरांना वाटी-चमच्याची शिस्त लावली, तिचा इथं फायदा होतो. तीन अंड्यांना पाव वाटी रस पुरतो.

एवढ्यात बाहेरच्या खोलीत मामांपर्यंत बातमी पोचली. मामा, म्हणजे सासरे, कुठल्याही देशाचं नाव निघालं की त्याचा कोल्हापूरशी संबंध काढून दाखवतात. जपानच्या वेळी त्यांना जरा ओढाताण करावी लागली होती. ग्रीसच्या बाबतीत पुरावाच हाताशी होता.

“ग्रीक काय आपल्याला नवं न्हाईत,” त्यांनी पेपर खाली ठेवून जाहीर केलं. “टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बघा.”

आणि ते खरंच आहे. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित या अभ्यासकांनी तिथं उत्खनन केलं. त्याच दशकात त्या टेकडीत ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला आणि त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटीशी मूर्ती निघाली. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राकडच्या व्यापारातून ती इथं आली. समुद्राचा देव, आणि मुक्काम कुठं, तर जिथून समुद्र बघायचा तर घाट उतरून जावं लागतं तिथं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात तो शांतपणे उभा असतो आणि शाळेच्या सहलीतली पोरं त्याच्यासमोरून तलवारी बघायला धावत जातात.

“दोन हजार वर्सांमागं ती माणसं हितं आली,” मामा म्हणाले, “तवा काय उपाशी गेली असतील? आपणच दिलं असंल अळणी करून. तेच नेलं त्यांनी.”

“मग मामा, तिखट कसं नेलं नाही?”

“तवा मिरची कुठं होती आपल्याकडं? ती पोर्तुगीजांनी आणली, त्याला चार-पाचशे वर्सं झाली. म्हणून तर त्यांचं अजून बिनतिखटाचं हाय!”

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी शोधलं. पाकेतिहासाचे अभ्यासक निराळंच सांगतात. अंडं आणि आंबट रस एकत्र करून रस्सा दाट करायची पद्धत स्पेनमधल्या ज्यूंची असावी, असं त्यांतले बरेच जण मानतात. ते तिला आग्रिस्तादा म्हणत, आणि लिंबू सर्रास मिळत नसे तेव्हा कच्च्या द्राक्षांचा किंवा डाळिंबाचा रस वापरत. १४९२ साली त्यांना स्पेनमधून हाकललं. त्यातले पुष्कळ जण तुर्की सुलतानाच्या राज्यातल्या थेस्सालोनिकी शहरात येऊन राहिले, आणि आज ते शहर ग्रीसमध्ये आहे. तुर्कांकडेही हाच प्रकार तेरबिये या नावानं आहे. म्हणजे ज्यू म्हणतात आमचं, तुर्क म्हणतात आमचं, ग्रीक तर भांडायलाच उठतात. मामांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, “मिसळीचं बी असंच हाय. पुणेवाल्यांकडं लक्ष द्यायचं नसतं.”

आता खरी परीक्षा. अंडी आणि लिंबाचा रस फेटून तयार, पातेल्यात पाणी कढत. हे मिश्रण सरळ आत ओतलं तर सूप होत नाही, लिंबाच्या पाण्यातली अंडाभुर्जी होते. अंड्याचा बलक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो आणि पाणी शंभराला उकळतं. मधल्या अंतरात सगळा ग्रीस अडकलेला असतो. म्हणून त्यांच्या आज्ज्यांनी एक तोडगा काढला आहे. भाच्यानं तो निघता निघता सांगितला होता: अंडं ओतताना तोंडानं मुक्याचा आवाज काढत राहायचं, म्हणजे रस्सा फुटत नाही. हे त्यानं रचलेलं नाही. तिकडची ही जुनी समजूत आहे.

ग्रीसमध्ये स्वयंपाकघरं लांब असतील. आमच्याकडे ओट्यापासून बाहेरच्या खोलीपर्यंत एक पडदा आहे. पडद्यापलीकडे सासरे, दीर आणि नवरा, अलीकडे लसूण सोलत सासू. परंपरा पाळायची तर नीट पाळावी, म्हणून मी एका हातात वाडगं धरलं आणि आवाज काढला.

बाहेर पेपरची सळसळ थांबली.

“मांजर शिरलं काय गं आत?” मामांनी विचारलं.

मी आणखी दोनदा काढला. पडद्याच्या कडेतून ह्यांचं अर्धं तोंड दिसलं आणि आईकडे नजर जाताच नाहीसं झालं. आत्यांनी लसूण खाली ठेवला.

“काय चाललंय हे?”

मी समजावून सांगितलं. मला वाटलं होतं, त्या हसतील. पण हा विषय त्यांच्याकडे गंभीर आहे. पांढरा रस्सा करताना त्या स्वतः एकाच दिशेनं ढवळतात, मध्येच कुणाला डाव लावू देत नाहीत, आणि रस्सा पातेल्यात असेपर्यंत घरात ‘फुटला’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. एकदा शेजारचा पोरगा “काकू, आमची काच फुटली” म्हणत आत आला होता, तर त्याला त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही.

“हे मिसळल्यावर उकळायचं का न्हाई?” त्यांनी एवढंच विचारलं.

“नाही. उकळी आली की गेलं.”

“मग सर. येतं मला.”

त्यांनी आधी गॅस बंद केला. पातेल्यातलं पाणी दोन मिनिटं निवू दिलं. डावभर घेऊन बारीक धारेनं अंड्यांत सोडलं, दुसऱ्या हातानं फेटत राहिल्या. मग दुसरा डाव, मग तिसरा. अंडी हळूहळू कोमट झाली, त्यांना कशाचा धक्का म्हणून बसला नाही. मग ते सगळं पातेल्यात, पुन्हा तसंच, उजवीकडून डावीकडे. रस्सा बघता बघता दाटसर, मऊ पिवळा झाला. पाण्यानं अंडं पातळ झालं की ते जरा जास्त ऊन सोसतं, आणि तांदळाचा पिठूळपणा अंड्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, हे मी वाचून ठेवलं होतं. पुस्तक मिटून ठेवलं. कढीला बेसन कशाला लावतात हे ज्या बाईला माहीत आहे तिला हे कुणी सांगायचं?

माझं असं मत झालंय की कोल्हापूरची कीर्ती तांबड्यानं केली, पण कोल्हापूरची अक्कल पांढऱ्यात आहे. तांबड्यात सगळं खपतं. मीठ कमी, वाटण जाडंभरडं, मटण निबर, काहीही असो, वर बोटभर तर्री आली की माणूस नाक पुसत “काटाकिर्र!” म्हणतो. पांढऱ्याला असं कुठं लपता येत नाही. नारळाचं दूध घातल्यावर एक उकळी जास्त आली की सगळा मामला पाणी वेगळं, चोथा वेगळा. ज्या गावात पार्किंगवरूनही उकळी फुटते, त्या गावात उकळी येऊ न देता पातेल्याशेजारी उभं राहायची विद्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली आहे, आणि बाहेर वाट्या वाजवत बसलेल्या पुरुषांना तिचा पत्ता नाही.

तर पुरुषांचा अभिप्राय. ह्यांनी एक भुरका मारला आणि “वेगळंय” म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या शब्दाचा अर्थ मला कळतो. मामांनी ज्वारीची भाकरी कुस्करली, पांढऱ्यात कुस्करतात तशीच, आणि निमूट जेवले. भावजींनी वाटीला तोंड लावून अर्धं संपवलं, मग आजूबाजूला बघत विचारलं, “वहिनी, पांढरा झाला. तांबडा कवा?”

तांबडा नाही म्हटल्यावर त्यांनी उठून बरणीतली कांदा-लसूण चटणी आणली आणि चमचाभर घातली. सूप केशरी झालं. त्यांनी चाखलं, मान हलवली, आणखी चमचाभर घातली. “आता जमलं!” म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही चाखून बघितलं. वाईट नव्हतं. पोसायडनला चाललं नसतं, पण त्याला विचारतंय कोण?

आत्या सगळ्यांत शेवटी बसल्या. दोन चमचे घेतले. “तोंड आलेल्या माणसाला बरं हाय,” म्हणाल्या. आमच्याकडे हे कौतुकात धरतात, पण खालच्या पायरीचं. तेव्हा मी भाच्याकडून कळलेली शेवटची गोष्ट बाहेर काढली. म्हटलं, आत्या, ही माणसं ईस्टरच्या आधी चाळीसहून जास्त दिवस मटण-अंडी-दूध शिवत नाहीत.

“श्रावणावानी?”

तसंच. आणि मग शनिवारी मध्यरात्री चर्चमधून घरी आले की उपास सोडायला हेच अंडं-लिंबू घातलेला मायिरित्सा नावाचा रस्सा करतात. त्यात कोंबडी नाही.

“मग काय घालत्यात?”

“कोकराचं काळीज, फुप्फुस, आतडी. आणि वरून कांद्याची पात, शेपू.”

आत्यांचा चमचा वाटीत पडला.

“वजडी? अगं, मग ते आधी सांगायचं न्हाईस? मी तवापास्नं समजायलोय की ही माणसं नुसती लिंबू चोखत बसत्यात!” त्यांनी पदर खोचला आणि पडद्याकडे तोंड करून भावजींना हाक मारली. “आरं, पुढच्या रविवारी वजडी सांगून ठेव. धुऊन देतोस का म्हणून विचार त्याला. शेपूच्या दोन जुड्या आण, आणि लिंबं बघून घे, कागदीच. मी करतो. हिच्यावर सोपवलं तर ही मुकं घेत बसंल!”