उलटं चित्र, सुलटा भाव
तुर्भ्याच्या बाजारात कांदे-बटाट्याचा भाव रोज ठरतो. जुन्या लाकडी कॅमेऱ्याचा मात्र गिऱ्हाइकाचं तोंड बघून. बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावरची अडगळ, ‘विकणार का?’ एवढं विचारताच आजोबांची आठवण होते! पेटी केरळातल्या आलप्पुळाची सागवानी ‘वागेश्वरी’ निघाली, तर संग्राहक देवळात शिरल्यासारखा चपला काढतो.

मग ती वन बीएचकेत येते आणि मागोमाग पावसाळा. चामड्याच्या भात्याला बुरशी, फुगलेली चौकट सरकेना. घरात खाऊपेक्षा सिलिका जेलच्या पुड्या जास्त. फोटो? छे! शीट फिल्म महाग, धुऊन देणारा सापडत नाही, आणि डोक्यावर काळं फडकं घेऊन घासलेल्या काचेवरचं उलटं जग न्याहाळायला वेळ कुणाला? फोटो निघतो तो कॅमेऱ्याचाच, मोबाइलवर. (नवा मोबाइल त्यासाठीच घेतलेला.)

परवा दुसरे एक संग्राहक चहाला आले. वाकून बराच वेळ बघितलं, बिस्किट बुडवलं आणि म्हणाले, “पेटी छान आहे हो. भिंग मूळचं नाही वाटत.”

यजमानांनी साखर आहे का तेही विचारलं नाही.