नदीचं माहेर

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की आडनावाआधी विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" मेहकर, चिखली, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. आमच्या सोयरिकी यावरून अडतात, निवडणुका यावरून रंगतात. आम्ही मेहकरची माणसं, म्हणजे घाटावरची. ही वाटणी माणसांनी केली असं आम्हाला वाटतं. खरं तर ती पावसानं केलीय.

अजिंठ्याच्या डोंगरावर एकाच ढगातून दोन थेंब पडतात. एक घाटाखाली घरंगळतो, नळगंगेतून नाहीतर विश्वगंगेतून पूर्णेला मिळतो आणि तापीचं बोट धरून सुरतेवरून अरबी समुद्र गाठतो. दुसरा घाटावर पडतो, पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालच्या उपसागरात. दोघांची पुन्हा भेट नाही.

पाणी बेताचं असलं तरी नावांत आम्ही हात आखडता घेतलेला नाही. पैनगंगा, नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा! उन्हाळ्यात पोरं जिच्या पात्रात स्टंप रोवतात, तीही गंगाच. पूर्णा तर आमच्याकडे दोन आहेत. एक घाटाखाली तापीकडे जाते. दुसरी घाटावर, खडकपूर्णा या नावानं, गोदावरीकडे. दोन पूर्णा असूनही टँकर लागतो, हा नावाचा दोष म्हणायचा नाही.

मेहकर पैनगंगेच्या काठावर वसलंय. बुलढाण्याजवळ मढ गावापाशी ती उगम पावते, म्हणजे हे तिचं माहेर. माहेराला लेक दिसते ती परकर-पोलक्यातलीच. तिचं भरलं रूप पाहायचं तर सासरी जावं लागतं. इसापूरला तिच्यावर मोठं धरण आहे, सहस्रकुंडाला ती गर्जना करत कोसळते. तिथले लोक "काय नदी आहे!" म्हणतात, तेव्हा आम्ही "आमचीच हो!" एवढं म्हणून गप्प बसतो. माहेरच्यांनी जास्त बोलू नये.

मेहकर हे नाव मेघंकर नावाच्या दैत्यावरून आलं, असं सांगतात. विष्णूनं शारंगधर होऊन त्याला मारलं. देवाच्या कामात बोलू नये, पण मेघंकर म्हणजे मेघ करणारा. त्यालाच मारल्यावर पावसाची तक्रार करायची कोणाकडे? आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचं नाव आहे. म्हणजे एकेकाळी आम्हीच सरकार होतो. आता सातबाऱ्यासाठी रांगेत उभे राहतो.

१८८८ साली इथे जमिनीतून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती निघाली. इंग्रज ती विलायतेला नेणार, अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईघाईनं प्राणप्रतिष्ठा उरकून टाकली, असं गावात अजून सांगतात. कारण उघड होतं. नदी थांबवता आली नाही, निदान देव तरी थांबवला.

न मागता थांबलेलं एकच आहे, ते शेजारी लोणारला. आभाळातून उल्का आली, सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर करून बसली आणि कायमची राहिली. पक्का घरजावई! त्या सरोवरात पडलेला थेंब ना अरबी समुद्राला जात, ना बंगालच्या उपसागराला. तिथेच खारट होत बसतो. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं. शास्त्रज्ञांनी खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांनी का होईना, जावई लाजला, असं आमचं मत.

आता नवी बातमी आहे. वैनगंगेचं पाणी गोसीखुर्दहून सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यानं नळगंगेत आणायच्या प्रकल्पाला राज्य सरकारनं २०२४ मध्ये मान्यता दिलीय. वैनगंगा आणि आमच्या पैनगंगेचं पाणी शेवटी प्राणहितेच्याच घरात नांदतं, म्हणजे नात्यानं दोघी जावा. लेक काही परत येत नाही, पण जाऊ तरी येतेय, म्हणून आम्हाला आनंद झाला. मग नकाशा उघडून पाहिला.

नळगंगा घाटाखाली आहे. मेहकरच्या पैनगंगेला पाणी अजून आभाळातूनच यायचंय.