चालतोय ना, मग?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा भीतभीतच घरच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तो चालू झाला. नेहमीसारखाच, माझा चहा पिऊन होईपर्यंत वेळ घेत, पण झाला. पडद्यावर महिनोन्महिने ज्या सुरात सूचना येत होत्या त्यावरून रात्री बाराच्या ठोक्याला आतून निदान धूर तरी निघेल असं वाटलं होतं. तो न निघाल्याने सगळ्यात जास्त हिरमोड मुलाचा झाला. त्याला नवा कॉम्प्युटर हवा आहे.

खरं तर ही वेळ यायलाच नको होती. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका माणसाने जाहीर कार्यक्रमात सांगितलं होतं, की विंडोज १० हे शेवटचं विंडोज. २०२१ मध्ये अकरा आलं. मला नवल वाटलं नाही. मध्ये नऊ आलंच नव्हतं. आठानंतर थेट दहा मोजणाऱ्यांकडून ‘शेवटचं’ या शब्दाची फार अपेक्षा धरू नये.

अकरा घ्यायला पैसे पडत नाहीत. अडतं ते पत्रिकेपाशी. ती जुळवून पाहायला कंपनीने एक छोटा प्रोग्रॅमही दिला आहे. आमच्या स्थळाला रॅम चार जीबी हवी होती, ती आठ निघाली. जागा ६४ जीबी हवी होती, तीही भरपूर निघाली. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती बायोसमध्ये झोपलेली सापडली, मुलाने तिला उठवलं. छत्तीस गुण जुळतात की काय असं वाटत असतानाच मंगळ निघाला: प्रोसेसर सहाव्या पिढीचा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो, म्हणजे २०१७ नंतरचा. या मंगळाला शांत नाही. प्रोसेसर बदला म्हटलं की मदरबोर्ड बदला, मदरबोर्ड बदला म्हटलं की रॅम बदला, आणि शेवटी जुन्यातलं उरतं फक्त कॅबिनेट आणि त्यावर घातलेलं क्रोशाचं कव्हर.

अशा वेळी सल्लागार न बोलावता येतात. भाचा म्हणाला, “मामा, रजिस्ट्रीत थोडा बदल केला की बसतंय अकरा. कोण बघायला येतंय?”

“आणि पुढचे अपडेट?”

“येतील की.” मग जरा थांबून, “बहुतेक.”

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे सर्व दुखण्यांवर लिनक्स हा एकच काढा असतो. ते खिशात पेनड्राइव्ह घेऊनच आले. मिंट किती हलकं, किती फुकट, हे त्यांनी मनापासून सांगितलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी विचारलं, “काका, यात माझं श्रीलिपी चालेल का?” काकांनी चहा मागितला.

आता या प्रश्नाला तरुण मंडळी हसतात, पण आमचं सगळं घोडं तिथेच अडलेलं आहे. वडिलांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की आजोबांच्या गावच्या जत्रेच्या जागी टोप्या घातलेली युरोपीय अक्षरं नाचू लागतात. पेजमेकर आणि श्रीलिपीसाठी जुनं विंडोज तळहाताच्या फोडासारखं जपणारे डीटीपीवाले मला अजून भेटतात. त्यांना मागासलेले म्हणणाऱ्याने आधी त्यांच्याकडची एक फाइल युनिकोडमध्ये बदलून, त्यातला प्रत्येक रफार तपासून दाखवावा.

बायकोचं मत एका वाक्याचं: “चालतोय ना? मग हात कशाला लावायचा?” भिशीचा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा या मताला वजन आहे. शिवाय अकरामध्ये स्टार्टचं बटण मध्यभागी आलंय हे तिला कोणीतरी सांगितलंय. सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे नेता येतं, असं मी म्हणालो. ती म्हणाली, “मग हलवलं कशाला?” तिचं चुकतं असं म्हणवत नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते बटणच काढून टाकलं होतं आणि लोकांच्या आरडाओरड्यानंतर पुढच्याच वर्षी निमूटपणे परत आणून ठेवलं होतं.

पण ‘चालतोय’ एवढ्यावर भागत नाही, हेही खरं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरलं, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू लागलं. ज्या भोकातून ते आत शिरत होतं ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. अडकले ते मुख्यतः ‘नंतर आठवण करा’ दाबणारे. सपोर्ट संपलेल्या मशीनला तर असा अपडेट मिळतच नाही. ज्यावर बँकेचा पासवर्ड टाइप होतो त्या मशीनबाबत हा धोका मला पत्करायचा नाही.

म्हणून मी मधला मार्ग काढला. घरगुती वापरासाठी विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय आहे. तीस डॉलर भरा, नाहीतर कंपनीच्या खात्यावर आपल्या सेटिंगचा बॅकअप ठेवा, नाहीतर बिंगवर शोधाशोध करून हजार पॉइंटांचं पुण्य साठवा. मी बॅकअपवाला मार्ग घेतला. मुलगा याला चालढकल म्हणतो. मी मुदतवाढ म्हणतो. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ती नवी नाही.

तुमच्याही घरी हा वाद चालू असेल तर अकरा, लिनक्स की नवा कॉम्प्युटर हे सावकाश ठरवा. त्याआधी आज संध्याकाळी एक बाहेरची हार्ड डिस्क जोडून फोटो, हिशेब आणि जुन्या मराठी फाइली त्यांच्या फॉन्टसकट उतरवून घ्या.