अर्जदार : विहीर

महाराष्ट्रातल्या बेघर माणसाने यापुढे घरकुलासाठी अर्ज करू नये. विहीर म्हणून करावा.

चेष्टा नाही, आकडे बघा. तुकडेबंदी कायद्याने जिरायत जमीन २० गुंठ्यांच्या आणि बागायत १० गुंठ्यांच्या खाली विकता येत नाही. अपवाद मोजके. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी मिळाली, तर विहिरीसाठी ५ गुंठ्यांपर्यंत जमीन घेता येते. आणि ग्रामीण घरकुलासाठी? लाभार्थ्यामागे हजार चौरस फूट. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे विहिरीला पाच गुंठे आणि माणसाला एकसुद्धा पुरता नाही.

विहिरीबद्दल आमच्या मनात आकस नाही. तिला काठ हवा, पंप हवा, उपसलेला मुरूम टाकायला जागा हवी. माणसाला काय लागतं? चूल, न्हाणी, संडास, सरपणाचा ढीग, दोन शेळ्या, म्हातारीची खाट आणि दर दिवाळीला मुक्कामाला येणारी लेक-जावयाची जोडी. एवढं हजार फुटांत मावतं, असा शासनाचा अंदाज. विहिरीला जावई नसतो, हे बहुधा फाइलवर आलंच नसावं.

तेव्हा अर्ज असा भरायचा. अर्जदाराचे नाव : विहीर. खोली : पोटाला पडलेला खड्डा धरून. भूजलाचा दाखला लागतो. तपासणीला आलेल्या साहेबांना जुलैत बोलवावं. पाणी आहे, गुडघाभर आहे आणि ते थेट छपरातून येतं. बारमाही आहे का, असं विचारलं तर उन्हाळ्यात डोळ्यांतून येतं म्हणून सांगावं. खरेदी झाली की सातबाऱ्यावर शेरा बसेल : जमीन विहिरीच्या वापरापुरती मर्यादित. मग कुटुंबाने कठड्याच्या आत गोलाकार झोपायचं. मुलीच्या लग्नपत्रिकेत ‘अमुक विहिरीची ज्येष्ठ कन्या’ असं छापायचं. तलाठी पाहणीला आले की सगळ्यांनी तोंड मिटून वर बघायचं आणि त्यांनी खडा टाकला तर धाकट्याने ‘डुबुक’ म्हणायचं. तेवढी तालीम आधी करून घ्यावी. अर्ज त्रुटीत निघता कामा नये.

हसून झालं असेल तर आता रागाचं बोलू. हा तुकडेबंदी कायदा १९४७ चा. शेताचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की नांगर वळवायला जागा उरणार नाही, हा त्याचा हेतू, आणि तो चांगलाच होता. पण २६९ चौरस फुटांच्या घरकुलात नांगर कोण वळवणार आहे? ज्याला जागाच नाही, त्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला एक सरकारी योजना पैसे देते. घर बांधायला दुसरी योजना सपाटीवर १ लाख २० हजार देते. एवढं झाल्यावर तिसरं टेबल त्याला विचारतं, ‘एवढीशी जमीन घ्यायची परवानगी कुठाय?’ तिन्ही टेबलं सरकारचीच आणि चपला मात्र मजुराच्या झिजतात.

गावठाणात जागा संपली आहे. गावातलाच एखादा शेतकरी बांधाकडचे दोन गुंठे रास्त भावात द्यायला तयार असतो. ग्रामसभा एकमताने ठराव करते. ग्रामसभेची लायकी कायद्याने केवढी मानली आहे पाहा : गावात बेघर कोण, याच्या यादीवर शिक्कामोर्तब तिनेच करायचं. कुणाच्या छपराला पन्हळी पत्रा आहे, कुणाच्या दारात दुचाकी आहे, सगळं तिला कळतं. पण त्या बेघराचं घर कोणत्या बांधाला उभं राहावं, एवढं मात्र तिला कळत नाही. त्यासाठी फाइल तालुक्याला जाते, तिथून जिल्ह्याला जाते, तिथे ठरावाची प्रत अस्पष्ट निघते आणि फाइल परत येते.

त्याच शिवारात डोंगराच्या कुशीत ‘निसर्गरम्य फार्महाऊस प्लॉट’ची पाटी लागलेली असते. तिथे तुकडा पडत नाही. शहरातली दहा अनोळखी माणसं एका सातबाऱ्यावर सामाईक नावं लावतात, कागदावर जमीन अखंड राहते आणि प्रत्यक्षात दहा कुंपणं, दहा फाटकं अन् एक पोहण्याचा तलाव उभा राहतो. त्या तलावाला लाभार्थी पोहताना दाखवणारा जिओटॅग फोटो कुणी मागत नाही. इथे मजुराने मात्र पायाचा, भिंतीचा, छपराचा फोटो दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. कायदा मोडायचा कसा हे ज्याला फी देऊन विचारता येतं, त्याच्यापुरती तुकडेबंदी केव्हाच उठली आहे. उरली ती विचारून घर बांधणाऱ्यासाठी.

मार्च आला की घरकुलांचं उद्दिष्ट अपुरं राहिल्याचं वरच्यांच्या ध्यानात येतं आणि ग्रामसेवकाला नोटीस निघते. बेघरालाही एक निघते : मुदतीत बांधकाम सुरू का केले नाही? त्या नोटिसांना किमान क्षेत्राची अट नाही. कितीही छोट्या माणसाला बजावता येतात.