चादरीचं गोत्र

अमेरिकी कस्टम्सच्या दरबारात शर्टाला एक न्याय आणि चादरीला दुसरा. शर्ट जिथे शिवून पुरा झाला, त्या देशाचा. कापड चीनचं आणि शिलाई व्हिएतनामची असेल, तर शर्ट व्हिएतनामचा. लग्नानंतर सासरचं गोत्र लागतं तसा. सुती चादरीला मात्र जन्मभर माहेरचंच गोत्र. तिचं कापड ज्या देशातल्या मागावरून उतरलं, तोच तिचा देश. पुढे तिला कुठेही रंगवा, छापा, कापा, टिपा घाला.

हा नियम १ जुलै १९९६ पासूनचा. त्याआधी बहुतेक कपड्यांचा देश कात्री ठरवायची : जिथे कटिंग, ते मूळ. तेव्हा अनेक देशांच्या कापडाला आणि कपड्यांना अमेरिकेत कोटा होता. एका देशाचा कोटा भरला की व्यापारी माल दुसऱ्या देशाच्या नावावर कसा घालता येईल ते बघायचे. म्हणून नियम बदलला. कपड्यांसाठी कात्रीच्या जागी सुई आली आणि चादरी, ब्लँकेटं, शाली, स्कार्फ, रुमाल, तंबू, एवढंच काय, तान्ह्या बाळांचे सुती लंगोटसुद्धा मागाच्या हवाली झाले.

बोंब ठोकली ती इटलीने. चिनी रेशीम इटलीत येतं, तिथे रंगतं, त्यावर नक्षी छापली जाते आणि मोठ्या ब्रँडचा स्कार्फ म्हणून विकलं जातं. नव्या नियमाने तो स्कार्फ चिनी ठरला. नक्षी इटलीची, भाव इटलीचा आणि लेबल ‘मेड इन चायना’! युरोपीय संघाने १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार ठोकली. युरोप रुसला म्हटल्यावर अमेरिका समजूत काढणारच. २००० साली कायद्यात पळवाट शिवून दिली : स्कार्फ, चादरी वगैरे काही मालाचं कापड एका देशात रंगवलं, तिथेच छापलं आणि वर ब्लीचिंग, आटवणं, एम्बॉसिंग अशा यादीतल्या किमान दोन प्रक्रिया केल्या, तर माल त्या देशाचा. फक्त लोकर नको, सुती नको आणि मिश्र धाग्यात कापूस वजनाने १६ टक्के किंवा जास्त नको.

रेशमाला दार उघडं, कापसाला कडी. कापूस कोणाचा, हे वेगळं सांगायला नको. आपलं कोरं सुती कापड परदेशात नेऊन कोणी त्याच्या चादरी केल्या, तरी अमेरिकेच्या लेखी त्या भारतीयच; म्हणजे भरणार आपला कोटा. जानेवारी २००२ मध्ये भारत जिनिव्हाला, त्याच जागतिक व्यापार संघटनेच्या दारात गेला. नियम मूळ शोधण्यासाठी नाही, माल अडवण्यासाठी केलाय, हा आपला मुद्दा. माझ्या मते तो बरोबरच होता. संघटनेच्या पॅनेलने जून २००३ मध्ये सांगितलं, भारताला नियमभंग सिद्ध करता आला नाही. पुढे १ जानेवारी २००५ पासून कोटेच गेले, पण मागाचा नियम राहिला.

आता आपल्या घरचं बघा. बांगलादेशातून तयार कपडे सवलतीत, शुल्काविना येतात. त्यात चिनी कापड असतं, ही आपल्या गिरणीवाल्यांची ओरड. त्यांची मागणी काय? शिलाईवर मूळ ठरवू नका. कापड बांगलादेशातच विणलं असेल तरच सवलत द्या. म्हणजे माग! सप्टेंबर २०२० पासून सवलत मागणाऱ्या आयातदाराला नुसतं मूळ-प्रमाणपत्र पुरत नाही. माल कसा, कशापासून, कुठे बनला याची माहिती त्यानेच मिळवायची आणि कागद पाच वर्षं जपायचे. मे २०२५ मध्ये तर या कपड्यांना जमिनीवरची सगळी नाकी बंद करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं ठेवली. मालाला मूळ बांगलादेशचं म्हणा की चीनचं, वळसा समुद्रातूनच.

सगळ्या देशांनी मिळून मूळ ठरवण्याचा एकच नियम करावा, असं १९९५ साली ठरलं होतं. मुदत तीन वर्षांची. ते काम अजून पुरं झालेलं नाही.

तोवर ढाक्याला आपल्याशी भांडायचं झालंच, तर वकिलावर फार खर्च करायची गरज नाही. युक्तिवाद जिनिव्हाच्या दप्तरात तयार पडलाय, आपणच लिहून ठेवलेला. फक्त अमेरिकेच्या जागी भारत घालायचा.