आडनाव : एक शैक्षणिक साहित्य

वर्णद्वेष, म्हणजे कातडीच्या रंगावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत, हा दोष दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा लांबच्या मुलखांत आढळतो, असे प्राथमिक शाळेत शिकवले जाते आणि त्याबद्दल मुलांकडून मनापासून हळहळही व्यक्त करून घेतली जाते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या हवेत हा रोग तग धरत नाही, कारण येथे रंगाऐवजी आडनावावरून पारख करण्याची अधिक शास्त्रशुद्ध पद्धत पूर्वापार रूढ आहे. आडनावावरून जात उमगली नाही, तर ‘मूळ गाव कोणते’ आणि तेवढ्यानेही भागले नाही, तर ‘गावात राहता कुठे’ असे पूरक प्रश्न विचारण्याची सोय आहे. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतल्याने शेवटच्या प्रश्नाची थोडी पंचाईत झाली खरी. पण पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या त्याच कडेला राहिल्यामुळे पारखी माणसाचे काही अडले नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जातीचा रकाना मात्र या प्रकरणी निर्दोष मानावा लागतो, कारण शिष्यवृत्ती आणि जातीचा दाखला त्याच्याच आधाराने मिळतो. तो भर वर्गात मोठ्याने वाचून संबंधितांना उभे करावे, असे कोणत्याही परिपत्रकात म्हटलेले नाही.

जिल्ह्याची या विषयातली पूर्वपुण्याई मोठी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांनी नगरला चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हा इतिहास दरवर्षी 3 जानेवारीला, सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालून झाल्यावर, भाषणांत न चुकता येतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालील मुलींनी शाळेत यावे म्हणून 1992 साली उपस्थिती भत्ता सुरू झाला. त्याचा दर हजेरीच्या दिवसाला एक रुपया ठरला आणि तीन दशके उलटली तरी तो रुपया जागचा हलला नाही. तसबिरीवरचा झेंडूचा हार याहून कितीतरी महाग पडतो, परंतु हार वर्षातून एकदाच लागतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

समतेचा खरा तास वेळापत्रकात नसतो. तो वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की आपोआप भरतो. कोणी काही बोलत नाही, गुरुजीही नाव घेत नाहीत. फक्त चाळीस डोळे एकाच वेळी शेवटच्या रांगेतील पारध्याच्या पोराकडे वळतात आणि ते पोर न सांगता उठून आपले दप्तर पालथे करते. त्यातून एक वही, भाकरीचे फडके आणि स्वतःची बोटभर उरलेली पेन्सिल एवढे पडते. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्यान्वये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पुढे पारधीही त्या यादीत गेले. तो कायदा 1952 मध्ये रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेल्या झाल्या, असे सरकारी दप्तर सांगते. दुसरीतल्या मुलांनी यातले काहीही वाचलेले नसताना 1871 चा कायदा त्यांना तोंडपाठ असतो, ही गोष्ट घरच्या अध्यापनाची गुणवत्ता सिद्ध करते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांच्या मानसिक छळास बंदी घातली आहे; पण वर्गात कोणी अवाक्षरही काढले नसल्याने तक्रार नेमकी कशाची लिहायची, हा प्रश्न मुख्याध्यापकांना पडू शकतो आणि तो पडल्यावर ते बहुधा चहा मागवतात.

हरवलेली पेन्सिल दुसऱ्या दिवशी मालकाच्याच दप्तराच्या फाटक्या अस्तरात सापडते. त्याची नोंद करण्यासाठी शाळेत कोणतेही रजिस्टर नाही.