मुर्तजा निजामशहा आणि मी

गोंगाटाविषयी मत देण्याचा अधिकार सर्वांस सारखा नसतो. ज्याचे आयुष्य एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी पक्ष्यांचे कूजन ऐकण्यात गेले, त्याने कोलाहलाविरुद्ध काढलेले उद्गार ही केवळ नाजूक प्रकृतीची जाहिरात होय. परंतु ज्याने नगर-मनमाड रस्त्यालगत नागापुरी, एका अंगास औद्योगिक वसाहतीचे भोंगे, दुसऱ्या अंगास शिर्डीकडे धावणाऱ्या वाहनांचे कर्णे, आणि या दोहोंमधील अवकाश रिकामा राहू नये म्हणून बारशापासून वरातीपर्यंत कोणत्याही निमित्ताने भिंती हादरविणारे ध्वनिवर्धक, यांच्या सान्निध्यात संसार केला, शिवाय महसूल खात्यात कारकुनी करीत वाटणीला आलेल्या भाऊबंदांचे हमरीतुमरीचे संवाद ऐकून पेन्शन पदरात पाडून घेतले, असा मनुष्य जेव्हा दोन्ही कानांवर हात ठेवतो, तेव्हा त्या गोंगाटाच्या अंगी काही असामान्य गुण असला पाहिजे, हे समंजस वाचक विनातक्रार मान्य करतील.

असा गोंगाट मला भेटला तो अमेरिकेत, फ्लॉरिडा संस्थानातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या जगद्विख्यात क्रीडानगरीत, 10 जुलै 2022 रोजी. कन्या आणि जावई टँपा येथे असतात. ‘आजोबांना मिकी दाखवायचा’ हा नातीचा हुकूम होता, आणि त्यावर अपील चालत नाही.

महसुलात हाडे झिजविलेल्या माणसास देवळात न्या, दर्यावर न्या, त्याची दृष्टी प्रथम जमिनीकडे जाते. त्यामुळे तेथील राजवाड्याचे सोनेरी कळस पाहून इतर मंडळी सद्गदित होत असता मी जावयांपाशी सातबाऱ्याची चौकशी करीत होतो, आणि जी हकिकत हाती आली ती त्या कळसांहून मनोरम निघाली. 1960 नंतरच्या दशकात डिस्नेसाहेबांच्या माणसांनी ही दलदलीची व खुरट्या झुडपांची जमीन, खरा खरेदीदार कोण हे कोणास कळू न देता, निरनिराळ्या कागदी कंपन्यांच्या नावे, एकरी सरासरी 180 डॉलरांच्या आसपास भावाने घेत घेत सुमारे 27 हजार एकरांवर नेली. ऑक्टोबर 1965 मध्ये तेथील वृत्तपत्राने बिंग फोडले आणि शेजारच्या जमिनींचे भाव एका रात्रीत गगनास भिडले. आमच्याकडे यास बेनामी व्यवहार म्हणतात व तो दडविण्याची पराकाष्ठा करतात; तेथे त्या कंपन्यांची नावे प्रवेशद्वाराजवळील मेन स्ट्रीटच्या माड्यांच्या खिडक्यांवर मोठ्या मानाने रंगविलेली आहेत. त्यांतील एकीचे नाव लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट कॉर्पोरेशन असे होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे 1967 साली संस्थानच्या विधिमंडळाने या मुलखास रस्ते, गटारे, अग्निशमन आणि बांधकामाचे परवाने यांचा स्वतंत्र कारभार करण्याची सनद दिली. म्हणजे शुद्ध जहागीरच म्हणावयाची. आम्ही गेलो त्याच वर्षीच्या एप्रिलात ही सनद खालसा करण्याचा कायदा मंजूर झाला होता, आणि 2023 मध्ये तेथे सरकारनियुक्त मंडळ बसले. इनामे खालसा होण्यात जो सूक्ष्म आनंद महसुली माणसास होतो, तो मी परमुलखातही यथास्थित उपभोगला.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या नौकाविहाराच्या रांगेत उभे राहिलो. रांग म्हणजे सर्पाकृती. मनुष्य पुढे जातो की मागे येतो याचा निर्णय करणे बुद्धीच्या आटोक्याबाहेरचे. ऊन असे की नागापूरच्या वैशाखानेही नमस्कार करावा, आणि त्यात समुद्राकडील दमट हवेची भर. अशा स्थितीत पाठीमागून प्रथम एक शिट्टी, मग टाळ्यांचा कडकडाट, मग एका तरुणाने दिलेली आरोळी आणि तिला शेकडो कंठांनी एकदम दिलेले प्रत्युत्तर, असा क्रम सुरू झाला. वळून पाहतो तो पिवळ्याधमक सदऱ्यांची एक पलटण उभी! सर्व मुले-मुली चौदा ते सतरा वर्षांची. म्होरक्याच्या हाती काठी, काठीच्या टोकास कापसाचा एक पोपट. तो पोपट डावीकडे झुकला की पलटण डावीकडे झुकते, वर उडाला की पलटण उडी मारते. ही पलटण नीट न्याहाळावी तोच पलीकडच्या वळणावर हिरव्या सदऱ्यांची दुसरी पलटण प्रकट झाली, आणि दोहोंमध्ये जे सवाल-जवाब जुंपले त्यांपुढे आमच्या वेशीवरचा गणेश विसर्जनाचा सोहळा म्हणजे शोकसभा वाटावी.

“आजोबा, हे ब्राझीलचे,” नातीने माहिती पुरविली, “पोर्तुगीज बोलतात. दर जुलैत येतात.”

विषुववृत्तापलीकडे तो काळ हिवाळ्याचा. ब्राझीलमधील शाळांस जुलैत सुटी असते. त्यातून तेथे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसास आपल्याकडील मुंजीहून अधिक महत्त्व. मोठा समारंभ करावा, अथवा तेवढ्याच खर्चात तिला मैत्रिणींसह डिस्नेला धाडावे, असे दोन मार्ग आईबापांपुढे असतात, आणि पुष्कळ मुली दुसरा मार्ग पसंत करतात. समारंभात पाहुण्यांना बोलावावे लागते. येथे पाहुणे आयतेच उभे असतात.

तारखेचा योग असा की, नगरकर ज्या दिवशी मौनाचा विचार करतो नेमका तोच हा दिवस. नगरपासून नऊ-दहा किलोमीटरांवर अरणगावास मेहेरबाबांची समाधी आहे; बाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरले ते 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही, आणि म्हणून त्यांचे भक्त दर साल या तारखेस मौन पाळतात. बाबांचे देशोदेशीचे अनुयायी आम्ही लहानपणापासून पाहत आलो: सायकलरिक्षात निमूट बसणारे, बाजारात बोटाने वांगी दाखविणारे, कोणी वाट अडविली तरी स्मित करणारे. परदेशी मनुष्य म्हणजे मुळात हलक्या आवाजाचा प्राणी, ही आमची कल्पना त्यांच्यावरून बनलेली. ती अर्ध्या घटकेत धुळीस मिळाली.

आमच्या सौभाग्यवती शेजारणीच्या संगतीने हे एक दिवसाचे मौन पुष्कळ वर्षे पाळीत आल्या आहेत, आणि व्रताला सातासमुद्रांची सबब चालत नाही असे त्यांचे मत. शिवाय त्या साली आषाढी एकादशीही 10 जुलैलाच आली होती. दोन वर्षांच्या महामारीनंतर पायी वारी पुन्हा भरली होती, निवृत्तिनाथांची पालखी नगरावरून पुढे गेली होती, आणि पंढरपुरी आपण नाही याचा सल मनात ठेवून त्या मिकीच्या दारी उभ्या होत्या. उपवास आणि मौन या दुहेरी तपश्चर्येत असलेल्या त्या माउलीपाशी मी माझा संताप व्यक्त केला, तेव्हा त्यांनी केवळ एक भुवई उचलली. मौनामुळे त्यांच्या अभिप्रायाची धार बोथट होते, असा माझा अनुभव नाही.

आता मला इतिहास आठवू लागला. पोर्तुगीज भाषा आणि नगर यांचा संबंध काही आजचा नव्हे. 1570 साली आमच्या नगरच्या मुर्तजा निजामशहाने कोकणपट्टीवरील चौल हे पोर्तुगिजांचे ठाणे जिंकण्यासाठी अफाट फौजेनिशी वेढा घातला. तिकडे विजापूरकर आदिलशहाने त्याच सुमारास गोव्याला गराडा घातला होता. कित्येक महिने तोफा धडधडल्या, माणसे मेली, आणि 1571 साली आमचा बादशहा तह करून हात हलवीत परत आला. या नामुष्कीचे कारण सांगताना इतिहासकार फरिश्ता लिहितो की, पोर्तुगिजांनी नजराणे देऊन, विशेषतः मद्य पाजून, निजामशाही सरदारांस फितविले. साडेचारशे वर्षांनी पुन्हा एक नगरकर पोर्तुगीज आरोळ्यांसमोर उभा होता. फरक इतकाच की, या खेपेस वेढा त्यांचा होता आणि कोंडला गेलो होतो आम्ही. मुर्तजाचे उट्टे काढण्याची ही संधी दवडावयाची नाही असा मनसुबा करून मी मनातल्या मनात अर्जाचा मसुदा रचू लागलो: ‘अर्जदार, वय 66, राहणार मौजे नागापूर, तालुका व जिल्हा नगर, सध्या वास्तव्य रांगेत, विनंतीपूर्वक दरखास्त करतो ऐशी जे, सामनेवाले क्रमांक 1 पिवळे व सामनेवाले क्रमांक 2 हिरवे यांनी संगनमताने सार्वजनिक शांततेचा भंग चालविला असून, सबब मौका पंचनामा करून पोपट सरकारजमा करण्याची तजवीज व्हावी...’

मसुदा येथवर आला आणि शेजारून टाळीचा आवाज आला. पाहतो तो, आमच्या सौभाग्यवती, ज्या नागापूरच्या महिला भजनी मंडळात टाळ धरतात, पिवळ्या पलटणीच्या आरोळीवर अचूक ठेक्यात टाळ्या देत आहेत! मौन वाणीचे असते, तळहातांचे नव्हे, हा शास्त्रार्थ त्यांनी परस्पर लावून घेतला होता. ओठ मिटलेले, नऊवारीचा पदर खोचलेला, आणि टाळी अशी की म्होरक्याने तत्काळ पोपट त्यांच्या दिशेने वळविला. पलटणीने एकच जल्लोष केला. जे ताल त्या मुलांना सराव करून जमले असतील ते एका उपवासकरी बाईने फुकट पकडले, याचा त्यांना विलक्षण आनंद झाला असावा. कारण पुढील आरोळीत हिरव्यांचा सपशेल पराभव झाला, आणि त्याचे श्रेय उघड उघड नगर जिल्ह्याकडे गेले.

मग एक मुलगी पुढे आली. तिने प्रथम पाण्याचे तुषार उडविणारा एक चिमुकला पंखा सौभाग्यवतींच्या तोंडासमोर धरला, नंतर पिशवीतून दोन गोल वड्या काढून एक त्यांना व एक मला दिली, आणि ‘पसोका, पसोका’ असे म्हणाली. शेंगदाण्याचे कूट, साखर आणि चिमूटभर मीठ दाबून केलेली ती वडी होती. उपवासास चालेल की नाही, अशी सौभाग्यवतींची भुवई प्रश्नार्थक झाली. मी वेष्टनावरील घटकद्रव्ये दप्तर तपासावे तशी तपासून अनुकूल शेरा मारला. निजामशाही सरदार निदान मद्याला वश झाले होते. मी शेंगदाण्याच्या एका वडीला वश झालो, आणि अर्ज दाखल होण्यापूर्वीच निकाली निघाला.

वडी चघळताना एक विचित्र विचार मनात आला. सकाळी लेकीने फराळाला साबूदाण्याची खिचडी केली होती. आपला साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा ब्राझीलकडचा. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तेथीलच अँडीज पर्वतातील. आणि हिरवी मिरची त्याच अमेरिकाखंडाची. यांतील बहुतेक ऐवज पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागला. म्हणजे ज्या पदार्थांच्या बळावर मऱ्हाटी माणूस एकादशीचे पुण्य जोडतो, ते सर्व या पिवळ्या-हिरव्या मंडळींच्या खंडातून आलेले. आणि तुकोबांच्या काळातील वारकरी एकादशीला काय खात असतील, हा प्रश्न कोणी भजनी मंडळात काढू नये.

यथावकाश नाव आली. हे क्रीडास्थान मुळात 1964 च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनासाठी रचले गेले आणि 1971 साली ही नगरी उघडली त्या दिवसापासून येथे त्याची एक प्रत चालू आहे. आत शेकडो यांत्रिक बाहुल्या देशोदेशींचे पोशाख घालून एकच गाणे अखंड गातात. ताजमहाल आहे, ब्राझीलही आहे. सर्व राष्ट्रे सुरात आहेत, कोणी कोणास धक्का देत नाही. मानवजातीच्या ऐक्याचा हा देखावा शीतल हवेत पाहून यात्रेकरू कृतार्थ होतात. मला मात्र, खरे सांगावयाचे तर, तेथे कंटाळा आला. भिंतीपलीकडे, उन्हात, त्याच विषयाचा एक प्रयोग विनातालीम रंगला होता. त्यात गाणे कोणास कळत नव्हते, सूर लागत नव्हता, तरी ब्राझीलकन्येने नागापूरकरणीस वारा घातला होता.

बाहेर आल्यावर म्होरक्याच्या काठीवरील पोपटाची चौकशी केली. तो झे कॅरिओका, डिस्नेसाहेबांचाच मानसपुत्र. 1941 साली अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून वॉल्ट डिस्ने आपल्या चित्रकारांचा ताफा घेऊन दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, रिओत उतरले, आणि त्या दौऱ्यातून 1942 सालच्या बोलपटात हा ब्राझिली पोपट जन्मला. म्हणजे झुंडीने जाऊन दुसऱ्याच्या गावी धुमाकूळ घालण्याची पहिली पाळी त्यांचीच होती. ब्राझीलची मुले ही परतफेडीची भेट ऐंशी वर्षे उलटली तरी इमानाने चालवीत आहेत, आणि येताना पोपट माहेरी आणीत आहेत. खिडकीवरच्या त्या लॅटिन-अमेरिकन कंपनीची नोंद अशा रीतीने कब्जेदार सदरी खरी ठरली.

त्या नगरीतील प्रत्येक आनंदास दर आहे. अधिक पैसे भरले तर रांगही आखूड होते. अशा काटेकोर बंदोबस्तात, हशील न भरता, स्वतःच्या फुप्फुसांच्या जोरावर स्वतःची करमणूक करणारी जमात मला हीच एक आढळली. बाकी आम्ही सारे तिकीट काढून इतरांनी आपली करमणूक करावी म्हणून उभे होतो.

ज्या नगरकर बंधुभगिनींची मुले त्या बाजूस आहेत आणि ज्यांना लवकरच मिकीच्या दर्शनाचे बोलावणे येणार आहे, त्यांच्यासाठी एवढेच लिहितो. शांतता हवी असेल तर सप्टेंबरात जावे. तेव्हा ब्राझीलच्या शाळा भरलेल्या असतात, अमेरिकेच्याही भरलेल्या असतात, रांगा तोकड्या असतात, आणि फ्लॉरिडातील चक्रीवादळांचा हंगाम ऐन भरात असतो. माझा सल्ला विचाराल तर जुलैच बरा. जाताना शेंगदाण्याच्या चार वड्या आपल्याही पिशवीत असू द्याव्यात.